सगळ्यांनी भरायचं

सोसायटीचे चेअरमन सिद्रामप्पा वसुलीच्या कारकुनाला घेऊन सावित्रम्माच्या दारात उभे राहिले. सोसायटीनं सोलापूरच्या बँकेकडून कर्ज उचलून सभासदांना वाटलं, ज्वारीचे भाव पडले आणि ते बुडालं. आता भरपाई प्रत्येकाच्या माथी होती. "पण अप्पा, मी कर्ज कदी घेतलंच न्हाय, सोसायटीत साठवतच आले की!" "नियम हाय, अक्का. कुणीबी बुडवलं तरी सगळ्यांनी भरायचं." "मग माझीच साठवण वळती करून घ्या." सिद्रामप्पांची मान खाली गेली. ती साठवण बँकेनं आधीच गिळली होती. म्हातारीला कळलं. तिनं गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढलं, कपाळाला लावलं, फडक्यात बांधून पुन्हा गळ्यात घातलं आणि रिकामी डबी पुढं केली. "देवाचं आहे, राहू दे," कारकूनसुद्धा म्हणाला. "देव माझ्यापाशी हाय." सिद्रामप्पा पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले.