विसूनानांच्या रक्ताचा पुरावा

"कोणी विश्वास ठेवणार नाही, पण माझं रक्त बघून मशीनच बंद पडलं!" विसूनाना म्हणाले, आणि पडवीत सुपारी सोलणारे सगळे हात थांबले.

त्यांच्या बायकोने, वेणूकाकूंनी, कपाळावर हात मारला. कॅन्सर असलाच तर लवकर कळावा म्हणून एक साधी रक्ततपासणी, पण तेवढ्यासाठी या माणसाने चार महिने नाचवलं होतं. कधी गुडघा धरला, कधी म्हणे एसटीच्या वाटेत वाघ बसला. थोरले दीर याच दुखण्याने गेले, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, हे सांगून काकूंचा घसा बसला. शेवटी दंड धरून नेलं, तेव्हा सुई टोचली गेली. मंगळवारी रिपोर्ट आणायला मात्र नाना एकटेच गेले आणि "ठणठणीत!" म्हणत परतले.

"डॉक्टर उठून उभे राहिले," नानांचा आवाज चढला. "म्हणाले, असं रक्त पंचविशीतल्या पैलवानाचंही नसतं. थोडं मागून ठेवून घेतलं, शिकाऊ मुलांना दाखवायला!"

"अहो, पुरे करा आता! काय तो ताप डोक्याला," काकू वैतागल्या.

"खोटं वाटतंय? हा बघा पुरावा!" नानांनी खिशातून रिपोर्टचं पाकीट काढून हवेत नाचवलं.

समोर बसलेल्या वहिनींनी, त्याच थोरल्या भावाच्या बायकोने, हातातली सुपारी खाली ठेवली. पाकीट काढून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. नानांचा हात वरच राहिला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे तर अजून फोडलेलंच नाही."