जीपच्या नावाचं छत

तुराट्यांची शेवटची पेंढी गॅरेजच्या टिनपत्र्याखाली बांधून नत्थू शिडीवरून उतरला. खाली त्याची आई रुख्माबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"जीपले ऊन लागून राह्यलं का रे?"

"टायर वितळते, माय," नत्थू म्हणाला आणि त्याने शेणमातीचं घमेलं उचललं.

टायर काही वितळत नव्हते. हिंगणघाटच्या त्या मे महिन्यात वितळत होती ती पंचफुला, नत्थूची बायको. पाळीचे चार दिवस तिला घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. पूर्वी रुख्माबाई हे दिवस गोठ्यात काढायची. एकोणऐंशी साली नत्थूने गोठा पाडून जुन्या जीपसाठी गॅरेज उभारलं, आणि ही रीत बिनबोभाट गॅरेजात राहायला आली. गोठ्यावर निदान गवत होतं. गॅरेजवर नुसतं टिन. दुपारी आत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. गेल्या खेपेला तर पंचफुला चक्कर येऊन पडली होती.

पण बायकोची काळजी उघडपणे करावी, तर गाव बायकोचा बैल म्हणणार. म्हणून जीपचं नाव. खर्च तसा नव्हताच. तुराट्या शेतातल्या तुरीच्या, बांबू लग्नाच्या मांडवाचे, पोती कापसाच्या जिनातली टाकून दिलेली. टिनाखाली वीतभर पोकळी सोडून त्याने हे सगळं बांधलं, खालून शेणमाती लिंपली, टिनावर वरून चुना मारला. नत्थू मोठा खूश होता.

लेप वाळला, आणि पंचफुलाची बाहेर बसायची वेळ आली. भर दुपारी नत्थू दारात येऊन उभा राहिला.

"कसं वाटते?" त्याचा चेहरा शाबासकी मागत होता.

"गार झालं जी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमाले सांगाचं राह्यलं. मागं मी पडली ना, तवा तुमची माय म्हने, पुढच्या खेपेपासून घरातच बसजो, इथं जीव जाईन तुहा. आता कायले म्हनन?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. बायकोला बाहेर बसवायची जागा त्याने स्वतःच्या हातांनी पक्की करून ठेवली होती. नत्थूला स्वतःची लाज वाटली. तो आत गेला आणि तिच्या चटईवर तिला खेटून बसला.

"अवो, काय करता! शिवाशिव होते ना!" पंचफुला घाबरून म्हणाली. तो हलला नाही.

रुख्माबाई त्याला जेवायला बोलवायला आली, ती दारातच थबकली.

"शिवला का रे तिले? ऊठ, आंघोळ कर."

"करीन. अन् पुन्हा इथंच येऊन बसीन. मायं ताट बी इकडंच दे, माय."

रुख्माबाईने दोघांकडे पाहिलं. मग पदर सावरून आत आली आणि त्याच चटईच्या कडेला हळूच टेकली.

"तुह्या बापाले हे कधी सुचलं नाई रे," ती म्हणाली.