पाचवी ओळ

"पृथ्वी वाचली!" धाकटी ओरडली आणि सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

याआधी तीनशे बारा वेळा ती वाचली नव्हती. संगणकावर सूर्यमाला अगदी तान्ही असल्यापासून चालवायची. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चार थोरले ग्रह दाटीवाटीने बसवायचे आणि ते सरकत सरकत आजच्या जागी पोचतात का, ते बघायचं. त्या खोलीतल्या चौघांचं हेच काम: सर, दोन जुने सहकारी आणि धाकटी. पण ग्रह कुणाच्या बापाचं ऐकतात? कधी युरेनसच कायमचा बाहेर फेकला जायचा. कधी गुरू रेंगाळत सरकायचा आणि पृथ्वीची पार वाट लावायचा. इकडे धाकटीची शिष्यवृत्ती आज संपत होती. मुदतवाढीच्या अर्जावर सरांची सही हवी होती, आणि सर म्हणाले होते, आधी काहीतरी करून दाखव.

सरांनी भिंतीवरच्या पडद्याला नाक लावलं. "पण हे पाच कसे?"

धाकटीने जीभ चावली. ग्रहांच्या यादीत ज्या ओळीआधी खूण असते, ती ओळ संगणक वाचत नाही. काल वैतागून तिने सगळ्या खुणा एका झटक्यात पुसल्या होत्या. त्यात कुणीतरी बंद करून ठेवलेला पाचवा ग्रह सुटला. गुरूने त्याला लांब अंधारात भिरकावलं, त्या धक्क्याने स्वतः पटकन आत सरकला, आणि पृथ्वीला छळायला त्याला वेळच मिळाला नाही. बाकीचे तिघे गुमान आपापल्या जागी बसले.

"एक गेला म्हणून सगळे राहिले," तिचं ऐकून सर खुशीत म्हणाले. "शाब्बास! चुकावं तर असं. चौघांच्या नावाने शोधनिबंध लिहायला घ्या. आणि आण तो तुझा अर्ज."

अर्ज घ्यायला ती खिडकीपाशी आपल्या टेबलाकडे गेली. हे टेबल, हा लॅपटॉप, ही यादी, सगळं आधी ज्याला सगळे 'आगाऊ' म्हणायचे, त्याचं होतं. खोलीतला पाचवा. हुशार, पण तोंडाला लगाम नाही. दीड वर्षापूर्वी भर बैठकीत म्हणाला होता, "सर, चारांत हे जमायचं नाही." सर म्हणाले, "मग तुमचं आमच्यात जमायचं नाही." तो गेला आणि खोलीत शांतता नांदू लागली. हल्ली तो शिकवणीत आठवीच्या मुलांना भूमिती शिकवतो, असं सांगून सगळे हसायचे. धाकटीही हसायची.

तिने यादीतली ती ओळ उघडून पाहिली. शेवटी त्याच बैठकीची तारीख होती. पुढे एक टीप होती.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीप पुसायला एक बटण पुरेसं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पलीकडे सर पेनचं टोपण काढून बसले होते.

तिने अर्ज सरांपुढे ठेवला आणि त्यावर उघडा लॅपटॉप ठेवला.

"सर, सही करायच्या आधी हे वाचा. हे डोकं माझं नाही."

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. टीप एवढीच होती: 'सरांचा राग निवळला की चालवून बघणे.'

धाकटीने विचारलंच.

"निवळला का, सर?"