हक्क, अधिकार व हितसंबंध

‘हिअरिनआफ्टर’पाशी निकोसची गाडी अडली. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपने त्या शब्दापुढे आधीच हात टेकले होते. शेवटी त्याने आठ-दहा ग्रीक शब्द एकामागून एक लावले आणि आईकडे बघून ओशाळं हसला.

एलेनीने समजल्यासारखी मान डोलावली. तिच्या मांडीवर पांढऱ्या जाळीचे तुकडे होते आणि समोर साखरेत घोळवलेल्या बदामांची टोपली. ग्रीसमध्ये लग्नाला आलेल्या प्रत्येकाच्या हाती या बदामांची पुरचुंडी पडावीच लागते. ती आणि नवऱ्या मुलीची आई नंदाबाई दुपारपासून पुरचुंड्या बांधत बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते यादवरावांच्या कागदामुळे. उद्या सकाळी क्वीन्सटाउनच्या कम्युनिटी क्लबात अंजलीचं आणि निकोसचं लग्न होतं, बौद्ध पद्धतीने. प्रतिज्ञा मराठीत होणार. विहीणबाईंना त्या कळाव्यात म्हणून मुलीच्या वडिलांनी, म्हणजे यादवरावांनी, त्या इंग्रजीत उतरवून काढल्या होत्या आणि निकोसने त्या आईला ग्रीकमध्ये सांगायच्या होत्या. हेतू सोन्यासारखा. पण यादवरावांची हयात साताऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवण्यात गेलेली. त्यांना इंग्रजी येई ते खरेदीखताचं. त्याखेरीज दुसरं इंग्रजी असतं, यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

“नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कन्टेन्ड हिअरिन,” निकोसने वाचलं आणि कोपीचा, म्हणजे तिथल्या दाट गोड कॉफीचा, मोठा घोट घेतला. मग हळूच अंजलीला विचारलं, “कॅन स्किप ऑर नॉट?”

“अंजू, त्यांना सांग, तो शब्द गाळायचा नाही,” यादवराव म्हणाले. “त्याच्याशिवाय कागदाला वजन येत नाही.”

“बाबा, हे लग्न आहे. प्लॉट नाही.”

“म्हणूनच काम पक्कं हवं.”

निकोस इंजिनिअर होता. एकदा हाती घेतलेलं काम स्क्रूगणिक करायची त्याला सवय. शेवटचं कलमही त्याने तसंच, शब्दाला शब्द लावत ग्रीकमध्ये सांगून टाकलं. उभय पक्षांचे पालक आजपासून आपल्या अपत्यावरील सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध कायमचे सोडून देत आहेत.

एलेनीचा हात थांबला. तिने ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग बदामांची टोपली स्वतःकडे ओढून घेतली आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलली. निकोसचा चेहरा उतरला. त्याने अंजलीला सांगितलं, अंजलीने वडिलांना.

“त्या म्हणतात, आजपासून मुलाशी माझा काही संबंध नाही असं लिहिलंय. मग उद्या लग्नाला येऊन मी करू काय? मी आपली घरी परत जाते.”

“अहो, काय लिहिलंत हे!” नंदाबाई कडाडल्या.

“अगं, शेवटचं कलम आहे ते. प्रत्येक खतात असतं, त्याशिवाय खत पुरं होत नाही.” यादवराव खरोखरच गोंधळले होते. “आणि एकट्या त्यांनाच कुठे? मीही लिहून देणारच आहे की. दोन्ही बाजूंचे पालक म्हटलंय.”

हे ग्रीकमध्ये पोचलं. एलेनीने यादवरावांकडे पाहिलं, मग अंजलीकडे, आणि एक छोटासा प्रश्न विचारला. निकोसने तो अंजलीला सांगितला. अंजलीने वडिलांकडे पाहिलं.

“काय गं?”

“त्या विचारताहेत, माझ्यावरचा हक्क तुम्ही सोडलात का?”

या कलमाखाली यादवरावांनी आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या होत्या. घरं गेली, विहिरी गेल्या, आंब्याची झाडं गेली. सही करताना कोणाचा हात थांबला, की ते म्हणत, ‘उरका लवकर, मागे रांग आहे.’ आता त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळे भरून आले. क्वीन्सटाउनच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये ते लपवायला कोपराही नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “छे, छे. मुळीच नाही.”

याचं ग्रीक निकोसला एका शब्दात सापडलं.

निकोस तो कागद फाडायलाच निघाला होता, पण यादवरावांनी झडप घालून वाचवला. “फाडताय काय! अंजू, पट्टी आण.” पट्टी लावून त्यांनी ते कलम सरळ रेघेने खोडलं आणि कागद एलेनीसमोर ठेवला. “खाडाखोड केली की समासात दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, कलम कायम आहे.”

एलेनीने सगळं ऐकून घेतलं. साखरेची बोटं पदर नसल्यामुळे स्कर्टला पुसली आणि खोडलेल्या ओळीशेजारी लिहिलं.

यादवरावांनी चष्मा वर केला. “फारच लहान आहे. पूर्ण नाव लिहायला सांग.”

निकोस वाकून बघू लागला आणि हसत सुटला. त्याने सांगितलं तशी अंजलीही हसली. “नाव नाहीये ते, बाबा. त्यांनी ग्रीकमध्ये ‘आई’ लिहिलंय.”

“असं चालत नसतं. आमच्या ऑफिसात हा कागद मी परत केला असता.”

असं म्हणत त्यांनी पेन घेतलं, समासात सही केली आणि कागद नंदाबाईंकडे सरकवला. नंदाबाईंनी तो वाचला आणि विहीणबाईंपुढे धरला. निकोसने एलेनीच्या कानाशी ते ग्रीकमध्ये सांगितलं. तिने टोपली पुन्हा दोघींच्या मधे ठेवली आणि एक बदाम उचलून यादवरावांच्या हातावर ठेवला.

समासात त्यांनी ‘बाबा’ असं लिहिलं होतं, आणि सवयीने खाली तारीख घातली होती.