बसणाऱ्याचं माप

“आधी सांग, बसणार कोण?” अण्णांनी विचारलं. हातातला टेप त्यांनी अजून उलगडलाही नव्हता.

“तुम्हीच की,” मुलगा म्हणाला. “आणखी कोण?”

अण्णांचा हा जुना शिरस्ता होता. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवल्या, पण बसणारा माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय फोमला सुरी लावली नाही. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी “बायकोला घेऊन या, बसणार त्या आहेत” म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. लोक हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

आता घरामागच्या अंगणात उभी होती ती त्यांची स्वतःचीच व्हॅन. मागे झोपायला बाक, बाजूला इवलासा ओटा, छताला उघडणारी खिडकी. बायको होती तोवर दोघं या गाडीतून मनसोक्त भटकले. ती गेली आणि गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच. परवा मुलानं आपणहून ती काढली आणि म्हणाला, “अण्णा, हिच्या सीटा नीट करा. अगदी तुमच्या हौसेनं करा.”

अण्णा असे हुरळले की समोरचा चहा निवून गेला. पुन्हा एकदा या गाडीतून समुद्रापर्यंत जायचं, एवढंच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

“आधी सीटा तर होऊ द्या,” मुलगा म्हणाला.

सीटा उघडल्या तर आत उंदरांनी संसार थाटलेला. काथ्याचा भुगा झाला होता आणि स्प्रिंगा गंजून एकमेकींत अडकल्या होत्या. पुढची बायकोची सीट एका कडेला जास्त झिजली होती. उतरताना ती नेहमी तिथे टेकायची. ते रेक्झिन उसवताना अण्णांना वाईट वाटलं.

मागच्या बाकावरून मात्र बाप-लेकाचं वाजलं.

“फोम मऊ घाला,” मुलगा म्हणाला.

“मऊ कसला? धावत्या गाडीत मऊ गादी म्हणजे कंबरेची वाट. घट्टच पाहिजे.”

“नको, मऊच बरा. आणि लांबी तुमच्या उंचीची ठेवा. पाय पसरता आले पाहिजेत.”

दुसरं कुणी असतं तर अण्णांनी त्याला टेपसकट बाहेर काढलं असतं. पण पोरगं आपली काळजी करतंय म्हटल्यावर बापाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय. त्यांनी मऊ फोम आणला.

सूनबाईही बदलली. एरवी गाडीला भंगार म्हणून नाक मुरडणारी ती पडद्यांचं कापड घेऊन आली. “अण्णा, बाकाखाली कप्पा करून घ्या,” ती म्हणाली. “तुमचे सगळे कपडे मावले पाहिजेत.” लांबचा प्रवास आहे, म्हणून अण्णांनी कप्पा चांगला ऐसपैस केला.

शेजारचा मिस्त्री संध्याकाळी डोकवायचा. अण्णांचा तो जुना दोस्त. अण्णांनी सीटा करायच्या आणि त्यानं इंजिनं, अशी दोघांची जोडी होती.

“इंजिनाचं काय?” त्यानं विचारलं. “मला अजून कुणी बोलावलं नाही.”

“बोलावेल रे.”

“अण्णा, स्पष्ट बोलू? अशा जुन्या गाडीवर हौशी लोक तुटून पडतात. तुझ्याकडून सीटा करून घेईल आणि गाडी विकून मोकळा होईल. आपलीच पोरं केसानं गळा कापतात.”

अण्णांनी त्याला झापला, पण मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मुलगा फोनवर कुणाला तरी गाडीची मापं सांगताना त्यांनी ऐकलं. मग मात्र त्यांचं डोकंच उठलं. ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या त्यानंच आपल्याला वेड्यात काढावं, हे त्यांना फार लागलं. त्यांनी दाभण-दोरा खाली ठेवला आणि हात दुखतो म्हणून पडून राहिले.

शेवटी त्यांनीच विचारलं, “गाडी विकणार आहेस का?”

मुलगा बघतच राहिला. “काहीतरीच काय, अण्णा? विकेन कशी? तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं.”

हा पोरगा खोटं बोलताना लहानपणापासून कान चोळायचा. आता त्याचे दोन्ही हात स्वस्थ होते. अण्णांचा जीव भांड्यात पडला आणि मनातल्या मनात त्यांनी पोराची माफी मागितली. उरलेली शिलाई त्यांनी अशी केली की टाक्याला टाका सापडू नये.

रविवारी सकाळी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले. मिस्त्री जॅक घेऊन आला. बोलावला एकदाचा, म्हणून अण्णा खूश झाले. सूनबाईनं कपडे आणून कप्प्यात रचले, औषधांचा डबा ठेवला, उशी ठेवली. मग ती अण्णांच्या खोलीतला सासूबाईंचा फोटोही घेऊन आली. बायकोलाही समुद्रावर न्यायचं हे सुनेला सुचावं, यानं अण्णांना भरून आलं. फोटो त्यांनी स्वतः लावला.

गाडी एका बाजूनं वर उचलली गेली, मग दुसऱ्या. अण्णांनी खिडकीतून वाकून पाहिलं. मिस्त्री चाकं काढून भिंतीला लावून ठेवत होता.

“टायर बदलतोयस होय?”

“नाही,” मिस्त्री मान वर न करता म्हणाला. “विटांवर बसवायला सांगितलीय. पक्की.”

मुलगा घराच्या खिडकीतून वायर ओढत आला. “अण्णा, तुमच्या खोलीतला पलंग मघाशीच हलवला,” तो मायेनं म्हणाला. “आता एवढं सांगा, इथं दिव्याचं बटण उशाशी हवं की दाराशी?”