आधी चित्र, मग कादंबरी

"आधी चित्र बघ, मग शिव्या दे," संपादक मर्व्हिन म्हणाला आणि त्याने मुखपृष्ठाचं चित्र टेबलावर आपटलं.

न्यूयॉर्कच्या या धंद्याची रीतच तशी. आधी चित्र रंगवून घ्यायचं, मग त्याला साजेशी खुनाची कादंबरी लिहवून घ्यायची. औषधांच्या दुकानात सिगारेटींशेजारी पुस्तक खपतं ते चित्रावर. लेखक म्हणजे चित्राखालचा हमाल. क्लेम व्होगेलने ही हमाली महायुद्ध संपल्यापासून केली होती. चित्रात पिस्तूल असलं की गोष्टीत पिस्तूल घालायचं. मेलेली पोरगी असली की पोरगी मारायची. पोरगी बहुतेक वेळा असायचीच.

याही चित्रात होती. जिन्याच्या पायथ्याशी, हिरव्या झग्यात, एक हात पायरीवर टाकलेला.

"हात बघ, म्हाताऱ्या! ओटिसने रंगवताना जीव ओतलाय."

क्लेम हातच बघत होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. ती त्याच्याच गाडीच्या दारात चिरडली होती. अर्लीन तेव्हा लहान होती आणि तो प्यालेला होता. मग त्याने चेहरा पाहिला. त्याचीच लेक.

गेल्या थंडीत ती घर सोडून गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, तुमच्या पुस्तकांत पोरींना मरण्याशिवाय दुसरं कामच नसतं का?" तो हसला होता. त्यानंतर तिचा पत्ता नाही. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि विसरून गेले. सज्ञान मुलगी, जाते कुठेही.

क्लेमने कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. चित्रकारांपुढे तासावारी पैसे घेऊन बसणाऱ्या पोरी या शहरात ढिगाने होत्या. म्हणजे अर्लीन इथंच होती. बापाच्याच धंद्यात, मेल्याचं सोंग घेऊन पोट भरत होती.

"ही मरणार नाही," तो म्हणाला. "शेवटच्या पानावर उठून बसेल."

"डोकं फिरलं का तुझं? मेलेली पोरगी खपते. उठून बसलेली कोण विकत घेईल?"

"मग दुसरा हमाल बघ. हा ओटिस राहतो कुठे?"

ओटिसच्या माळ्यावर टर्पेंटाइनचा उग्र वास होता. क्लेमने हॅट काढून हातात धरली. पुस्तकांत तो गुंडांच्या तोंडी धडाधड वाक्यं घालायचा, पण लेकीची माफी मागायला वाटभर त्याला एक शब्द जुळला नव्हता.

"ती हिरव्या झग्यातली मुलगी. पुन्हा कधी येणार आहे तुमच्यासमोर बसायला?"

ओटिस ब्रश पुसता पुसता हसला.

"बसायला? छे हो! पैसे घेऊन येणाऱ्या पोरींना मेल्यासारखं पडताच येत नाही. कुठे ना कुठे जीव दिसतोच. झगा तेवढा माझ्या मनचा. बाकी सगळं फोटोवरून. शवागारात माझा एक ओळखीचा आहे, तो देतो. बेवारस पोरींचेच असतात. त्यांना शोधत कोण येतंय?"