सोलरच्या प्लेटा पुसताना

रविराजनं लोखंडी शिडी उचलली आणि गोठ्यामागं नेऊन आडवी टाकली. त्याचे वडील नानासो ओट्यावर उभे होते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात काठीला बांधलेला फडका.

"आता वर चढायचं बंद, नाना," रविराज म्हणाला. "फवारं बसवलेत. बटण दाबलं की प्लेटा आपसूक धुतल्या जातात."

"मी हळू चढतो की रं."

"तुमी हळू चढता, पर गाव बघतंय. परवा विट्याच्या बाजारात एकजण तोंडावर म्हणाला, म्हाताऱ्या बापाला स्लॅबवर चढवतोस, एक गडी ठेवाय येत न्हाई व्हय? मान खाली घालाय लागली मला."

नानांनी बादली खाली ठेवली.

घरावर सोलर आलं ते रविराजच्या लग्नाच्या वर्षी. गावातलं पहिलं. पाहुण्यारावळ्यांना तो वर नेऊन दाखवायचा. पुढं नवलाई सरली. इन्व्हर्टर एकदा बदलून झाला, एका प्लेटेला माकडांनी तडा दिला, आणि सोलर नळासारखं, चुलीसारखं घरातलंच होऊन गेलं. वर कुणी फिरकेनासं झालं. गेल्या दिवाळीपासून मात्र नानांना एकाएकी प्लेटांचं वेड लागलं. सकाळचा चहा झाला की फौजेतल्या शिस्तीनं वर. थंडी असो, गुडघे दुखोत. पुसायला लागावा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लावून खाली यायचे, आणि उतरताना चेहरा उजळलेला असायचा.

शिडी काढल्यावर रविराजनं मोबाईलवर विजेचा आकडा बघितला. होता तेवढाच होता.

"बघा, काय फरक पडला?"

"न्हाई पडला," नाना म्हणाले.

त्यानंतर ते पानावरनं लवकर उठू लागले. दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचे. वय झालं, रविराजनं मनाशी म्हटलं.

थोड्याच दिवसांत एक फवारा तुंबला. बोअरचं खारं पाणी. रविराजनं शिडी परत लावली, ऊन लागतंय म्हणून नानांचाच टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि सकाळचा चहा झाल्यावर वर चढला. कडेच्या प्लेटेपाशी वाकून तो फवाऱ्याचं तोंड काडीनं कोरत होता, तेवढ्यात मागनं आवाज आला. जड, जिभेला अडखळणारा.

"आलास व्हय, नान्या? लय... लय दिस लावलंस गड्या."

रविराज वळला नाही. शेजारचं घर चढावर होतं, त्याची खिडकी बरोबर या स्लॅबच्या उंचीला. खिडकीशी नाथाजीची खाट होती. नाथाजी आणि नाना एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. दिवाळीत नाथाजीचं एक अंग लुळं पडलं, हे रविराजनं गावात ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं.

कारण त्या घराशी बोलणं नव्हतं. ते तोडलं होतं रविराजनंच. सोलर बसवलं तेव्हा नाथाजीच्या परड्यातल्या कडुलिंबाची सावली दुपारनंतर प्लेटांवर यायची. नाथाजी म्हणाला होता, जरा दम धर, फांद्या आमीच उतरवतो. रविराजनं दम धरला नाही. ती माणसं परगावी कुणाच्या लग्नाला गेलेली बघून त्यानं झाड बुंध्यापासून पाडलं. नाथाजीचा पोरगा लालासाहेब अंगावर धावून आला, पोलीस आले, आणि सगळ्या गल्लीसमोर रविराज ओरडला होता, "आमच्यातलं जो कोन त्या दारात जाईल, त्यानं परत या दारात यायचं न्हाई!" नाना तेव्हा त्याच्या मागंच उभे होते.

"पोरगं... वराडलं का तुला?" खिडकीतनं आवाज आला. "तसं आसलं तर नगं येऊ. माझ्यापायी... घरात वाद नगं."

रविराज तसाच वाकून राहिला. फवाऱ्यातनं पाणी सुटलं, बाह्या भिजल्या, तरी त्याला तोंड फिरवायचं धाडस होईना. खिडकीतला आवाज उत्तराची वाट बघून बघून गप झाला, तेव्हा कुठं तो खाली उतरला.

नाना ओट्यावर बसले होते.

"नाना, तुमी वर नाथाआबांशी बोलाय जात हुता?"

नाना चटकन उठून उभे राहिले. चोरी सापडल्यागत त्यांचे हात पाठीमागं गेले.

"दारात न्हाई गेलो मी कवा. वरनंच नुस्तं, कसं हाय म्हणून इचारायचो. आता बंदच झालंय की ते."

रविराजनं कोपऱ्यातल्या वहाणा आणून नानांच्या पायांपुढं ठेवल्या आणि दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. बोळाचा चढ चढून दोघं नाथाजीच्या घरापुढं आले. लालासाहेब दारात आला. त्यानं दोघांकडं एकदा बघितलं आणि तो बाजूला सरला.

रविराजनं नानांचा दंड सोडला. पण नाना उंबऱ्याशीच थांबले. आतनं नाथाजीचं खोकणं ऐकू येत होतं. नानांनी एक पाय उचलला, परत खाली ठेवला आणि मागं वळून, लालासाहेबाच्या देखत, हळूच विचारलं,

"रवी, आत गेलो तर मला परत घरात घेशील न्हवं?"